कडेच्या अलीकडे : ब्रोमो आणि इजेनचे सहा दिवस

निघण्याआधी

दादाला लहानपणापासून दमा आहे, आणि ज्वालामुखीचं वेडही लहानपणापासूनच आहे. त्यामुळे यंदा त्याने "आता जाऊ या, नाहीतर राहून जाईल" असं म्हटलं तेव्हा मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. आखणी माझ्याकडे होती. जाणारे आम्ही चौघं : दादा, वहिनी, त्यांची सोळा वर्षांची सई आणि मी.

पूर्व जावा निवडलं, कारण तिथे एका दिवसाच्या गाडीप्रवासावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे ज्वालामुखी बघता येतात. ब्रोमो सतत वाफा सोडणारा, मधूनच राख उडवणारा. इजेनच्या पोटात आम्लाचं तळं आणि गंधकाची खाण. जावाच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाचा एक प्रचंड पट्टा बेटाखाली सरकतो आहे. त्याच्याबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानाला वितळतो, आणि म्हणून या बेटाच्या कण्यावर ज्वालामुखींची रांगच्या रांग उभी आहे. इंडोनेशियात जागृत ज्वालामुखी सव्वाशेच्या वर आहेत.

तिकिटांना हात लावण्याआधी मी महिनाभर फक्त अपघातांबद्दल वाचलं. न्यूझीलंडमधलं व्हकारी बेट, ९ डिसेंबर २०१९ : त्या क्षणी बेटावर ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली. जपानचा ओंताके, २७ सप्टेंबर २०१४ : शनिवारची दुपार, पानगळीचे रंग बघायला माथ्यावर गर्दी, इशाऱ्याची पातळी सगळ्यात खालची, आणि मृत व बेपत्ता मिळून ६३. सुमात्रातला मारापी, ३ डिसेंबर २०२३ : विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचना असतानाही माथ्यावर पोचलेले वीसहून जास्त गिर्यारोहक मेले. व्हकारी आणि ओंताकेचे स्फोट वाफेचे होते. जमिनीखालचा वितळलेला खडक वर चढू लागला की जमीन फुगते, भूकंप वाढतात, उपकरणांना चाहूल लागते. पण खडकात मुरलेलं गरम पाणी एकदम वाफ होऊन फुटलं, तर सूचना मिळायला वेळच उरत नाही. ओंताकेवर बहुतेक माणसं उडालेल्या दगडांनी मेली.

हे वाचून सहल रद्द करावी असं मला वाटलं नाही. एवढं मात्र पक्कं कळलं, की विवराशी असलेला धोका कमी करायचे दोनच मार्ग आपल्या हातात असतात : अंतर जास्त ठेवायचं आणि वेळ कमी. शिवाय परत फिरायचं की नाही हे तिथे उभं राहून ठरवायचं नाही. पहाटे दोनला उठलेलो असतो, पैसे भरलेले असतात, शेजारची माणसं पुढे जात असतात. अशा वेळी डोकं चालत नाही. ते घरी, जेवणाच्या टेबलावर, शांतपणे ठरवायचं.

म्हणून आम्ही एक कागद केला. सईने त्याला नाव दिलं ‘नाही-कागद’. त्यावर फक्त "अमुक झालं तर जायचं नाही" अशाच ओळी. इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, पीव्हीएमबीजीचं, मुख्यालय बांडुंगला आहे. ती इशाऱ्याच्या चढत्या चार पातळ्या देते : नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. प्रत्येक पातळीला विवरापासून किती लांब राहायचं तेही सांगते. तर पहिली ओळ : सांगितलेलं अंतर ओलांडायचं नाही, बाकी जग ओलांडत असलं तरी. दुसरी : धूर पांढरा असेल तरच पुढे, करडा दिसला की मागे, कारण पांढरी असते ती वाफ आणि करडी असते ती राख. इजेनच्या ओळी दादाने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. त्याच्या डॉक्टरांचं मत "इजेन टाळता आलं तर टाळा" असंच होतं. फारच जायचं असेल तर विवरात उतरायचं नाही, पंप खिशात हवा, बॅगेत नव्हे, आणि मास्क लावूनही घशाला चरचरलं तर त्याच पावलावर वळायचं, एवढ्या अटी त्यांनी घातल्या. दादाने तिन्ही लिहून खाली सही केली.

मास्कबद्दल सांगायलाच हवं, कारण यात लोक फार फसतात. राखेसाठी एन-९५ चालतो. राख म्हणजे लाकडाची मऊ राख नव्हे, खडकाचा आणि काचेचा धारदार चुरा असतो तो. गाळणीने अडतो. डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर मात्र हाल करतो, म्हणून वहिनीने चष्मा घेतला. पण इजेनला त्रास असतो सल्फर डायऑक्साइडचा, आणि वायू एन-९५मधून सरळ आत येतो. त्याला आम्लवायू गाळणारे डबे बसवलेला रबरी मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट चिकटला तरच उपयोगाचा. तपासायची रीत सोपी आहे : दोन्ही डबे तळहातांनी झाकायचे आणि श्वास आत ओढायचा. मास्क गालांना चिकटून आत ओढला गेला पाहिजे. दादाचा मास्क पहिल्यांदा ओढलाच जाईना. कानाजवळून बारीक फुस्स आवाज यायचा. दाढीमुळे रबर टेकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बावीस वर्षांची दाढी काढून बाहेर आला. सई बघतच राहिली.

शेवटची तयारी विमानांची. जावावरच्याच गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत २४ जून १९८२च्या रात्री ऑकलंडकडे निघालेलं एक जंबो विमान शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. खाली येता येता ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं, पण समोरची काच राखेने घासून इतकी आंधळी झाली होती की वैमानिकांना धावपट्टी धड दिसेना. तेव्हापासून राखेचा ढग दिसला की विमानं थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. म्हणून परतीच्या आधी एक दिवस मोकळा आणि ब्रोमोला एक दिवस जास्तीचा, असे दोन रिकामे दिवस मी आखणीत घातले. विम्याच्या कागदातही ‘ज्वालामुखी’ हा शब्द शोधून वाचला. बऱ्याच पॉलिसींत तो अपवादांच्या यादीत लपलेला असतो.

दिवस पहिला : सुराबाया ते चेमोरो लावांग

सुराबायाहून प्रोबोलिंगोपर्यंत सपाट, गरम रस्ता. तिथून गाडी दक्षिणेला वळली आणि चढ सुरू झाला. अर्ध्या तासात खिडक्या वर, तासाभरात स्वेटर अंगात. दोन्ही बाजूंचे डोंगर इतके उभे की त्यावर माणूस कसा टिकतो असं वाटावं, आणि त्यावर कांद्याची पात, बटाटे, कोबी यांच्या सरळ रेघा ओढलेल्या. ही शेती तेंग्गर लोकांची. काळी, भुसभुशीत माती दिसली की समजायचं, इथे राख पडत आली आहे. डोंगर जे अंगावर टाकतो त्यातच ही माणसं पेरतात. थंडीसाठी सगळ्यांनी सारोंग खांद्यावरून गुंडाळून गळ्याशी गाठ मारलेली.

चेमोरो लावांग हे गाव साधारण २,२०० मीटरवर, थेट जुन्या महाविवराच्या काठावर वसलं आहे. पोचलो तेव्हा समोर फक्त धुकं होतं. संध्याकाळी सातला सईने तिचं काम केलं. तिच्याकडे मी रोजचा अहवाल वाचायचं काम दिलं होतं. मॅग्मा इंडोनेशिया या सरकारी ॲपवर प्रत्येक ज्वालामुखीची नोंद असते : धुराचा रंग, उंची, भूकंपांची संख्या, जमिनीची थरथर. तिने मोठ्याने वाचलं, "ब्रोमो. पातळी दोन, वास्पादा. धूर पांढरा. विवरापासून एक किलोमीटरच्या आत जाऊ नये."

कुणी काही बोललं नाही. ब्रोमोच्या कडेवर चढून आत डोकावणं, हेच तर सगळ्या फोटोंत असतं. पण नाही-कागदाची पहिलीच ओळ तीच होती. दादा म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय. लांबून बघू." मग झोपलो.

दिवस दुसरा : धुकं

पहाटे तीनला जीप. जुन्या टोयोटा लँड क्रूझर, लाल, निळ्या, पिवळ्या, शेकड्याने. सूर्योदय बघायच्या जागी, पेनांजाकानला पोचलो, साधारण २,७७० मीटर. बोटं हातमोज्यातही आखडलेली. जवळजवळ दोन तास उभे राहिलो. उजाडलं ते फक्त पांढरं झालं. कठड्यापलीकडे काहीही नव्हतं, शेजारी उभ्या माणसाची टोपीसुद्धा अंधुक. साडेसातला परत फिरलो. दिवसभर पांघरुणात.

जास्तीचा दिवस ठेवला नसता तर ब्रोमो आमच्यासाठी एवढाच राहिला असता.

दिवस तिसरा : वाळूचा समुद्र

आज तारे दिसत होते, तेव्हाच वाटलं की जमणार.

पूर्वेला तांबूस रेघ उमटली आणि अंधारातून आधी एक काळा काठ वर आला. हा काठ म्हणजे फार पूर्वी कोसळलेल्या एका प्रचंड ज्वालामुखीची भिंत. तिच्या आत नऊ-दहा किलोमीटर रुंदीचं सपाट मैदान, त्यावर ढगांचा थर दुधावरच्या सायीसारखा पसरलेला. मैदानाच्या मधोमध काही डोंगर. सगळ्यात पुढे बातोक, पन्हळ पडलेला, हिरवट, रेखीव शंकू. सगळे आधी त्यालाच ब्रोमो समजतात, आम्हीही समजलो होतो. ब्रोमो त्याच्या डावीकडे, बुटका, माथा उडालेला, करड्या मातीचा, २,३२९ मीटर. डोंगर म्हणून त्याच्यात बघण्यासारखं काही नाही. पण त्याच्या उघड्या तोंडातून पांढरी वाफ संथपणे वर येत होती, आणि एकदा तिच्याकडे नजर गेली की दुसरीकडे जाईना. नाव ब्रह्मावरूनच आलेलं आहे, जावानी जिभेवर ब्रह्माचा ब्रोमो झाला.

या सगळ्यांच्या मागे, दक्षिणेला, सेमेरू. जावामधलं सर्वोच्च शिखर, ३,६७६ मीटर. नाव मेरू पर्वताचं. तो अगदी शांत दिसत होता. मग त्याच्या टोकातून एक छोटा करडा गोळा सुटला, फुलकोबीसारखा फुगला, आणि वाऱ्याबरोबर हळूहळू डावीकडे वाहून गेला. एवढ्या अंतरावरून आवाज काहीच नाही. वहिनीने माझा हात धरला. याच सेमेरूने ४ डिसेंबर २०२१ला तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट खालच्या गावांवर सोडले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरा गोळा आला. दादा घड्याळ लावून बसला होता. तिसऱ्याच्या वेळी त्याने काहीच न बोलता घड्याळ सईच्या हातात दिलं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उतरून जीप वाळूच्या समुद्रात आली. तिथली माणसं या मैदानाला समुद्रच म्हणतात. पायाखाली बारीक काळी वाळू, मधूनच पहाटेच्या दवाचं गोठलेलं पांढरं कवच, बूट टेकला की कुर्र वाजणारं. जीपा थांबतात त्याच्यापुढे थोड्या अंतरावर पुरा लुहुर पोतेन हे तेंग्गर हिंदूंचं देऊळ आहे, काळ्या ज्वालामुखी दगडाचं. आम्ही देवळाच्या अलीकडेच थांबलो. आमच्यापुढून माणसं जात होती, घोड्यावरून, पायी, अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत त्यांच्याकडे. पायऱ्यांवर मुंग्यांसारखी रांग. सईने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "सई, वाटतंय ना जावंसं?" ती म्हणाली, "हो आत्या. खूप." आणि वाळूतच मांडी घालून बसली. मला तिचं कौतुक वाटलं. तिला जायचं नव्हतं असं नाही, जायचं असून ती बसली होती.

जीपवाले मास गप्पिष्ट होते, तेंग्गरच. (तिथे तरुण पुरुषाला ‘मास’ आणि वयस्काला ‘पाक’ म्हणतात.) त्यांनी रोरो आंतेंग आणि जोको सेगेर यांची गोष्ट सांगितली. मूल होत नाही म्हणून या जोडप्याने डोंगराला साकडं घातलं. पंचवीस मुलं झाली, पण धाकटं विवराला द्यायचं होतं. आईबापांचा जीव होईना, डोंगर खवळला आणि धाकट्याला घेऊन गेला. दोघांच्या नावांची शेवटची अक्षरं जोडून ‘तेंग्गर’. दरवर्षी यज्ञ कसादाच्या सणाला लोक धान्य, भाज्या, कोंबड्या, बकऱ्या घेऊन रात्री कडेवर चढतात आणि विवरात अर्पण करतात. तेव्हा पर्यटकांना बंदी असते, म्हणून तारखा आधी बघून घ्याव्यात. ते ‘यज्ञ’ हा शब्द आपल्यासारखाच म्हणतात, नुसता थोडा ओढून.

मग सहज म्हणाले, "वर, अगदी कडेवर, गणेश आहे." विवराच्या ओठावर बसवलेली गणपतीची दगडी मूर्ती. वहिनी उठून उभी राहिली. मूर्ती तिथून दिसणं शक्यच नव्हतं, दिसत होती ती वाफ. तिने चप्पल काढावी तसे बूट काढले, त्या गार वाळूत पाय टेकले आणि खालूनच हात जोडले. मासनीही जोडले.

परतताना सवानाच्या टेकड्यांवरून गेलो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये लग्नाआधीच्या फोटोंसाठी कुणीतरी इथे फ्लेअर, म्हणजे धुराची नळकांडी, पेटवली आणि शेकडो हेक्टर गवत जळालं. आता पुन्हा हिरवं आहे. मला हा किस्सा आठवला की अजून संताप येतो. एका फोटोसाठी!

दिवस चौथा : बान्युवांगीकडे

इजेनजवळच्या बान्युवांगीपर्यंत दिवसभर गाडी. लिहिण्यासारखी गोष्ट एकच : तपासणी. इजेनला चढायचं तर डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र दाखवावं लागतं. संध्याकाळी एका दवाखान्यात रक्तदाब, नाडी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दादाचा नंबर आला तेव्हा मी बाहेर बसून विचार करत होते, हा दम्याचं सांगेल का? दार अर्धं उघडं होतं. त्याने पहिलंच वाक्य दम्याचं सांगितलं आणि नाही-कागद खिशातून काढून पुढे ठेवला. मराठीतला कागद त्या डॉक्टरबाईंना काय कळणार! त्याने एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि कडेच्या पुढे जायचं नाही असं बजावून सही केली.

सईचा अहवाल : इजेन पातळी एक, नॉर्मल. सूचना मात्र तीच, विवरात उतरू नये.

दिवस पाचवा : इजेन

इजेनची निळी आग जगभर प्रसिद्ध आहे. तो लाव्हा नव्हे. भेगांतून शेकडो अंशांचा गंधकाचा वायू बाहेर पडतो, हवा लागताच पेट घेतो आणि निळ्या ज्योतीने जळतो. दिवसाही जळत असतो, फक्त उजेडात दिसत नाही. नीट बघायची तर रात्री विवराच्या तळापर्यंत उतरावं लागतं. आम्ही उतरणार नव्हतो. म्हणून दोन तुकड्या केल्या : सई आणि मी एका गाईडबरोबर दोनला निघालो, कडेवरून दिसेल तेवढी आग बघायला. दादा आणि वहिनी दुसऱ्या गाईडबरोबर चारला, दादाच्या चालीने, उजेडात तळं बघायला.

पालतुडिंगहून कडेपर्यंत तीन किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या आसपास. पहिले दोन किलोमीटर छाती फोडतात. तिथेच भाड्याने मास्क मिळतात. एक हातात घेऊन बघितला : डब्याला आधीच गंधकाचा वास, रबराला चीर. स्वतःचे आणल्याचं बरं वाटलं. पोंडोक बुंदर नावाची डच काळातली गोल इमारत लागते, तिथे पूर्वीपासून गंधकाचं वजन होतं. त्यानंतर वाट सौम्य होते आणि डाव्या हाताला जमीन संपते. फळीवर लाल अक्षरांत ‘बाहाया’ लिहिलेलं. धोका. शब्द आपल्या ‘भय’वरूनच गेलेला आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये या कड्यावर फोटोसाठी उभी असलेली एक पर्यटक तोल जाऊन खाली पडली आणि गेली. मी सईचा हात सोडला नाही, तिनेही सोडवून घेतला नाही.

कडेवर वारा आमच्या पाठीकडून होता. खाली काळोख आणि त्यात फिरणारे हेडटॉर्चचे ठिपके. धूर एकदा बाजूला झाला आणि खूप खोल, एक निळी रेघ हलली. गॅसच्या शेगडीची ज्योत दूरच्या खोलीत दिसावी, तेवढीच. मग धुराने पुसली. पाच-सहा वेळा तसंच झालं. सई म्हणाली, "आत्या, मोजकीच दिसतेय म्हणून डोळे मिटावेसे वाटत नाहीत."

साडेपाचच्या सुमाराला खालून एक खाणकामगार वर आला. खांद्यावर बांबूची काठी, दोन्ही टोकांना टोपल्या, त्यांत लिंबासारख्या पिवळ्या गंधकाच्या लाद्या. सत्तर ते नव्वद किलो भरतं हे ओझं. तळाशी वायू नळ्यांतून वाहवतात, तो थंड होऊन गडद लाल रस होऊन ठिबकतो आणि गोठला की पिवळा पडतो. सळईने फोडून टोपल्यांत भरतात आणि हा कडा चढतात. त्याच्या तोंडाला फक्त ओला रुमाल होता. त्याने काठी दगडावर टेकवली, सदऱ्याची कॉलर सारखी केली, तेव्हा खांदा दिसला. काठी बसते तिथे मांसाचा गोळा झाला होता, लिंबाएवढा, कातडी चकचकीत. आपण गळ्यात दोन डब्यांचा मास्क अडकवून वारा कुठून येतो याची चर्चा करत उभे असतो, आणि हा माणूस त्याच धुरातून रोजची मजुरी वर आणतो. सुरक्षेची सगळी आखणी पाहुण्याला परवडते. त्याने जाताना आम्हालाच सांगितलं, "हाती-हाती." जपून.

उजाडलं आणि तळं दिसलं. एक किलोमीटरच्या आसपास लांब, दोनशे मीटर खोल, आणि पाणी इतकं आम्ल की पीएच एकाच्याही खाली. पाणी वाटतच नाही ते. गुळगुळीत, अपारदर्शक, काठाशी वाफ. या तळ्यातून वायू उसळला की काय होतं ते २०१८च्या मार्चमध्ये दिसलं होतं, पायथ्याची सुमारे तीस माणसं दवाखान्यात गेली होती. आम्ही दादाची वाट बघत होतो.

सहा वाजले. सव्वासहा. मग आमच्या गाईडने मान वळवली, बोट ओलं करून वर धरलं, आणि मास्क चढवायची खूण केली. वारा फिरला होता. धुराचा पांढरा पडदा तळ्यावरून उठून सरळ कडेवर आला. मास्कच्या आत वास नव्हता, पण डोळे झोंबू लागले. आम्ही लगेच मागे वळलो.

शेवटच्या वळणाच्या खाली, कडेपासून दोनशे-तीनशे पावलांवर, दादा आणि वहिनी उभे होते. दादाने मास्क लावलेला. एक हात खिशात, पंपावर. गाईड त्याला सांगत होता की पंधरा मिनिटं थांबलात तर कदाचित वारा पडेल. दादाने मान हलवली. मास्कमधून त्याचा आवाज घुमल्यासारखा आला, "चरचरलं. मी वळतोय." आणि खरंच वळला, वर एकदाही न बघता. वहिनी त्याच्या मागोमाग. एवढ्या वर्षांची इच्छा, वीस तासांचा प्रवास, आणि दोनशे पावलं. मला रडू आवरेना, म्हणून मी मुद्दाम मागून चालले.

पोंडोक बुंदरला हवा स्वच्छ होती. त्याने मास्क काढला, पंपाचे दोन झोत घेतले, भिंतीला टेकून बसला. दहा मिनिटांनी ओठांवर रंग आला. सईने फोन पुढे केला, "बाबा, फोटो काढलेत तळ्याचे." त्याने तिचा हात हळूच खाली केला. "आत्ता नको."

दिवस सहावा : सामुद्रधुनी

केतापांगहून बालीच्या गिलीमानुकला फेरी जाते, तासाभराचाही रस्ता नाही. पलीकडे उतरलं की घड्याळ एक तास पुढे करायचं. राखीव ठेवलेला दिवस समोर मोकळा होता, विमान परवाचं. सईने सवयीने अहवाल वाचला : ब्रोमो पांढरा धूर, सेमेरूचे स्फोट चालू, इजेन पांढरा धूर.

दादा मागच्या कठड्याशी उभा होता. जावाचा किनारा लांब जात होता, इजेनचे डोंगर कमरेपर्यंत दिसत होते, वर ढग. श्वास त्याचा आता मोकळा होता. थोड्या वेळाने त्याने सईला विचारलं, "रंग कसा होता?"

तिने फोन काढला नाही. "निळा... नाही, हिरवाही होता. आकाशासारखा नाही. समुद्रासारखा तर अजिबात नाही." तिने बोटीवर इकडेतिकडे बघितलं, ताडपत्री, पिंप, कुणाची ओढणी. काहीच जुळेना. मग म्हणाली, "बाबा, लॅबमध्ये कॉपर सल्फेटचे खडे असतात ना? ते दुधात विरघळवले तर होईल, तसा."

"मोरचूद," दादा म्हणाला.

"हो. दुधातला मोरचूद."

त्याने डोळे मिटले आणि कठड्यावर दोन्ही हात टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला.